नट केव्हा आवळला, हेही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालमोटारीच्या अपघाताच्या बातमीत ‘पाटा तुटल्याने चालकाचा ताबा सुटला’ असे वाक्य अनेकदा येते आणि विषय तिथेच संपतो. वाचणाऱ्याला वाटते, पोलाद हलके निघाले असेल किंवा माल जादा भरला असेल. तसेही घडते. पण कमान (पोलादी पाटे एकावर एक रचून केलेली स्प्रिंग) नवी टाकून थोडेच दिवस झाले असताना मेन, म्हणजे मुख्य लांब पाटा मधोमध तुटला, पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट कापला गेला, ॲक्सल (चाकांचा आस) एका बाजूने मागे सरकला किंवा कमानीच्या टोकातला रबरी बुश (अस्तर) फाटून बाहेर आला, तर पोलादाला बोल लावण्याआधी बोल्ट कसे आवळले होते ते पाहायला हवे. ‘चांगला जोर लावून आवळले’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणता बोल्ट, कोणत्या क्रमाने, किती टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने) आणि त्या वेळी गाडी जॅकवर लटकत होती की चाकांवर उभी होती, असे हे चार प्रश्न आहेत. त्यातला चौथा फारसा कोणी विचारत नाही. ट्रकमालक, चालक आणि गॅरेजात काम शिकणारे तरुण यांच्यासाठी हा विषय सविस्तर मांडतो आहे. आपण जागा द्यावी ही विनंती.

बहुतेक ट्रकांत कमान तीन ठिकाणी धरलेली असते. मेन पाट्याचे एक गोल वळवलेले टोक चेसिसच्या (सांगाड्याच्या) हँगर ब्रॅकेटमध्ये पिनने किंवा बोल्टने बसते, दुसरे टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या दुव्याला, टांगलेले असते आणि मधला भाग ‘यू’ आकाराच्या दोन यू-बोल्टांनी ॲक्सलला जखडलेला असतो. टोकांची आणि मधल्या भागाची गरज अगदी उलट आहे. कमान दबते तेव्हा ती सरळ होत लांबते, म्हणून टोकांना फिरायला आणि शॅकलला झुलायला मोकळीक लागते. मधल्या भागात मात्र केसभरही हालचाल चालत नाही. एकाच गाडीखाली, एकाच दिवशी, त्याच माणसाच्या हातून ही दोन्ही कामे होतात आणि दोन्हीकडे एकच पद्धत वापरली की बिघाडाला सुरुवात होते.

आधी टोकांचे पाहू. रबरी बुश असलेल्या गाडीत रबराच्या आत एक पोलादी नळी असते. बोल्ट या नळीतून जातो. नट आवळला की ब्रॅकेटचे दोन्ही कान या नळीला दोन बाजूंनी दाबून धरतात आणि नळी जागेवर पक्की होते. इथून पुढे बोल्टभोवती काहीच फिरत नाही. कमानीचे टोक जेवढे हलते, तेवढे सगळे रबर पिळले जाऊन हलते. खड्ड्यात एका दिशेने, उंचवट्यावर दुसऱ्या दिशेने. गाडी सपाट जमिनीवर आपल्या नेहमीच्या उंचीला उभी असेल तेव्हा रबराला अजिबात पीळ नसावा, म्हणजे दोन्ही दिशांना त्याला सारखीच मोकळीक मिळते.

आता चेसिस स्टँडवर आहे, ॲक्सल खाली लटकलेला आहे आणि अशा स्थितीत कारागीर हे बोल्ट पूर्ण आवळून टाकतो, असे धरा. हात सहज पोहोचतो, पाना फिरवायला जागा असते, म्हणून हा मोह होतोच. पण त्या क्षणी रबराची ‘मधली’ स्थिती लटकलेल्या कमानीची ठरली. गाडी खाली उतरवली की टोके फिरतात आणि नळी घट्ट धरलेली असल्यामुळे रबर ओल्या कपड्यासारखे पिळले जाते. नुसते उभे राहण्यातच त्याची बरीच ताकद खर्ची पडलेली असते. त्यात माल भरला, खड्डा आला, की पीळ आणखी वाढतो. सुरुवातीला गाडी त्या बाजूला किंचित उंच दिसते आणि हादरे जास्त जाणवतात. मग रबराच्या कडेला बारीक चिरा पडतात, ते नळीपासून सुटते आणि धातूवर धातू आपटू लागतो. नवीन बुश लवकर गेला म्हणून मालाला दोष दिला जातो आणि दुसरा बुश पुन्हा त्याच पद्धतीने बसवला जातो.

म्हणून क्रम असा ठेवावा. बोल्ट जागेवर घालून नट फक्त हाताने, फार तर पान्याने टेकेपर्यंत फिरवावा. यू-बोल्ट, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे पाइप, चाके हे सगळे बसवून गाडी स्टँडवरून उतरवावी आणि सपाट जमिनीवर उभी करावी. मग ती दोनचार मीटर पुढे-मागे सरकवावी, म्हणजे उतरवताना टायर जमिनीला घासून अडकलेली कमान मोकळी होऊन आपल्या खऱ्या उंचीला बसते. त्यानंतरच हँगरचा आणि शॅकलचे वरखालचे बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळावेत. नट टेकवलेल्या अवस्थेतली गाडी एवढे अंतर हळू सरकवायला हरकत नाही, रस्त्यावर मात्र नेऊ नये. खाली शिरायला जागाच नसेल तर चेसिस स्टँडवर ठेवून ॲक्सल जॅकने वर घ्यावा. चेसिस स्टँडवरून जेमतेम सुटू लागली की गाडीचे वजन कमानीवर आले असे समजावे. ती सुटते आहे इतपतच थांबावे, आणखी उचलू नये. काही उत्पादक रिकाम्या गाडीची उंची धरायला सांगतात, काही भरलेल्या गाडीची. ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. ‘बुश मोकळा फिरला पाहिजे’ या समजुतीने हे नट अर्धवट सोडले जातात. मग नळी बोल्टावर घासत फिरते, बोल्टाला खाच पडते, ब्रॅकेटचे भोक लंबगोल होते आणि शेवटी ब्रॅकेटच बदलायची वेळ येते. रबरी बुशाला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावून बसवणेही चूक आहे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. सरकवायला साबणाचे पाणी पुरते.

पितळी किंवा गनमेटलचा बुश आणि ग्रीस निपल असलेली पिन असेल, तर वरचा नियम लागू होत नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण दोन्ही प्रकार सर्रास एकच मानले जातात. इथे बुश पिनवर खरोखर फिरतो. पिन ब्रॅकेटमध्ये फिरू नये म्हणून तिच्या अंगावर खाच असते आणि त्या खाचेतून आडवा लॉक बोल्ट जातो. खाच नीट समोर आणूनच तो बोल्ट घालावा. ठोकून घातला तर त्याचे आटे चेपतात आणि पिन नंतर कधीच सरळ निघत नाही. लॉक बोल्ट आवळल्यावर शॅकल हाताने किंवा छोट्या पहारीने झुलवून पाहावी. ती अडत असेल तर बाजूचे वॉशर जास्त झालेत किंवा शॅकलच्या पट्ट्या एकमेकींना समांतर नाहीत. अडलेली शॅकल कमानीला लांबू देत नाही आणि त्याचा मार मेन पाट्याच्या टोकाजवळ बसतो. ग्रीस भरताना चेसिस जॅकने थोडी उचलून पिनवरचे वजन कमी करावे. वजन असताना पिन एका बाजूला दाबलेली असते आणि ज्या बाजूला ग्रीसची खरी गरज, तिथेच ते शिरत नाही. दोन्ही टोकांतून ताजे ग्रीस बाहेर दिसले म्हणजे काम झाले.

आता यू-बोल्ट. कमान बदलण्याच्या कामातला हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि घाईही इथेच जास्त होते.

पाटे आणि ॲक्सल यांना एकत्र धरून ठेवते ती यू-बोल्टांची पकड. सेंटर बोल्टाचे काम जुळणीच्या वेळी पाटे एकत्र ठेवणे आणि त्याचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या (कमान टेकते त्या जागेतल्या) भोकात बसवून जागा नेमकी करणे, एवढेच. ब्रेक मारल्यावर ॲक्सलला जो धक्का बसतो तो त्या बोटाएवढ्या बोल्टाने झेलावा, अशी त्याची रचनाच नाही. म्हणून सेंटर बोल्ट कापला गेलेला दिसला की तेवढाच बदलून गाडी सोडणे म्हणजे मूळ दोष तसाच ठेवणे होय. यू-बोल्ट सैल होते, म्हणून तो कापला गेला.

पकड किती मोठी असते याचा अंदाज एका हिशेबातून येतो. 20 मिलिमीटर जाडीच्या यू-बोल्टाला 400 न्यूटन-मीटर टॉर्क दिला असे उदाहरणादाखल धरू. आटे स्वच्छ आणि कोरडे असतील तर त्या एका पायात (यू-बोल्टाच्या एका उभ्या दांड्यात) साधारण 10 टनांचा ताण तयार होतो. दोन यू-बोल्टांचे चार पाय मिळून सुमारे 40 टनांची पकड. तेच आटे गंजलेले असतील तर पाना तेवढाच टॉर्क दाखवतो, पण ताण पावणेसात टनांच्या आसपासच राहतो. आटे तेलकट असतील तर तो साडेतेरा टनांपर्यंत जातो. मॉलिब्डेनमचे ग्रीस लावले असेल तर 17 टनांच्या घरात. आणि 8.8 या ताकदीच्या दर्जाच्या 20 मिलिमीटर बोल्टाची कायमचा न ताणता सोसण्याची मर्यादा आहे सुमारे 15 टन. पान्यावरचा आकडा एकच असला, तरी एका टोकाला कमान सैल राहते आणि दुसऱ्या टोकाला बोल्ट कायमचा ताणला जातो. याचे कारण असे की लावलेल्या टॉर्कपैकी जेमतेम एक दशांश भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. घर्षणात थोडा बदल झाला तरी त्या एक दशांशाचे गणित पार बदलते.

त्यामुळे मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा कोणत्या आट्यांसाठी दिला आहे, कोरड्या की तेल लावलेल्या, हे वाचणे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. तेल सांगितले असेल तर आट्यांना आणि नट जिथे टेकतो त्या पृष्ठभागाला, दोन्हीकडे लावावे. सांगितले नसेल तर मनाने ग्रीस फासू नये. एककही नीट पाहावे. आकडा न्यूटन-मीटर, किलोग्रॅम-मीटर किंवा फूट-पाउंड यांपैकी कशातही असू शकतो. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर आणि 1 फूट-पाउंड म्हणजे साधारण 1.36 न्यूटन-मीटर. 400 फूट-पाउंड लिहिलेले असताना पाना 400 न्यूटन-मीटरला लावला, तर जवळपास चौथा हिस्सा टॉर्क कमी पडतो आणि बाहेरून पाहून ते कोणालाही कळत नाही.

काढलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते एकदा ताणलेले असतात, त्यांचे आटे नटाखाली चेपलेले असतात आणि वाकाच्या जागी गंज धरलेला असतो. नव्या नटांसह नवे यू-बोल्ट ही चैन नाही, तो कमान बदलण्याच्या कामाचाच भाग आहे. नवे घेताना चार गोष्टी जुळवाव्यात : जाडी, आतली रुंदी, पायांची लांबी आणि वाकाचा आकार. गोल वाकाचा यू-बोल्ट चपट्या प्लेटवर बसवला तर तो दोन कडांवरच टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, नंतर त्या कडा दबतात आणि ताण उतरतो. नट उंच, म्हणजे निदान बोल्टाच्या जाडीएवढ्या उंचीचा आणि बोल्टाच्याच दर्जाचा असावा. नटाखाली कडक केलेला सपाट वॉशर हवा. मऊ वॉशर नटाखाली कपासारखा दबतो. स्प्रिंग वॉशर घातला की नट सुटत नाही, हा समज सोडून द्यावा. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवले, की जोडातल्या भागांची आडवी सरपट सुरू झाली की नट आपोआप उलटा फिरू लागतो. त्यावर उपाय एकच, सरपट होऊच नये एवढा ताण. यू-बोल्ट गॅसने तापवून वाकवणे किंवा कमी पडला म्हणून वेल्डिंगने वाढवणे तर कधीच करू नये. तापवल्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते.

जुने यू-बोल्ट गॅसने कापून काढत असाल तर ज्योत आणि वितळलेल्या लोखंडाचे थेंब पाट्यांवर पडू देऊ नका. पाटा वापरात राहणार असेल तर तो थेंब जिथे पडतो तिथून तडा सुरू होतो. ग्राइंडरचा ओरखडाही तसाच वाईट. दोनतीन जाड पाट्यांच्या पॅराबोलिक कमानीत याची दुप्पट काळजी घ्यावी, कारण तिथे प्रत्येक पाट्यावरचा भार मोठा असतो आणि एक तुटला तर सावरायला दुसरे फारसे काही उरत नाही.

बसवण्याआधी ॲक्सलची बैठक वायर ब्रशने साफ करावी. गंजाचे पापुद्रे, जुन्या रंगाचे थर, वाळू, काही राहू नये. बैठक घासून खोलगट झाली असेल तर कितीही टॉर्क दिला तरी पकड टिकणार नाही. सेंटर बोल्टाचे डोके भोकात पूर्ण उतरले आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे. ते कडेवर चढलेले असताना यू-बोल्ट आवळले तर सगळे घट्ट लागते आणि पहिल्याच मोठ्या धक्क्याला डोके जागेवर घसरून चारही नट एकदम सैल पडतात. अनेक कमानींत सेंटर बोल्ट मधोमध नसतो, म्हणून लांब बाजू कुठली आणि आखूड कुठली हे जुनी कमान काढतानाच खडूने लिहून ठेवावे. पुढचा ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये पाचर असेल तर तिची जाड बाजू कोणत्या दिशेला होती तेही लिहावे. ती उलटी बसली तर कॅस्टर (चाक वळण्याच्या आसाचा पुढे-मागे कल) बिघडतो आणि स्टिअरिंग वळणानंतर सरळ यायला कुरकुरते.

नट चढवताना चारही पायांचे सारखेच आटे नटाबाहेर राहतील असे पाहावे. एक पाय लांब आणि दुसरा आखूड राहिला तर यू-बोल्ट तिरका ताणला जातो. मग कर्ण पद्धतीने, म्हणजे पुढचा आतला, मागचा बाहेरचा, पुढचा बाहेरचा, मागचा आतला, अशा क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळावे. पहिल्या फेरीत ठरलेल्या टॉर्कचा चौथा हिस्सा, दुसरीत निम्मा, तिसरीत पाऊण आणि चौथीत पूर्ण. त्यानंतर पूर्ण टॉर्कवर पुन्हा एक फेरी, कारण शेवटचा नट आवळताना पहिल्याचा ताण थोडा उतरलेला असतो. पहिल्या फेऱ्या स्टँडवर चालतील, शेवटची फेरी मात्र गाडी चाकांवर उभी असताना, कमानीवर वजन आल्यावर करावी. वजनाखाली पाटे एकमेकांवर आणि बैठकीवर नीट बसतात. लटकत्या स्थितीत आवळले तर त्यांच्यात उरलेली बारीक फट गाडी उतरवल्यावर मिटते आणि तेवढा ताण जातो.

इम्पॅक्ट गन नट टेकेपर्यंत चालवायला उत्तम आहे. शेवटचे आवळणे तिच्यावर सोडू नये. हवेचा दाब, हातोडीची झीज, सॉकेटचे सैलपण यांनुसार तिचा टॉर्क बदलतो आणि तो किती झाला हे ती सांगत नाही. शेवट टॉर्क पान्यानेच करावा. पाना मुठीच्या मधोमध धरून संथपणे ओढावा आणि एकदा ‘कट’ असा आवाज आला की थांबावे. खात्री म्हणून आणखी दोनतीनदा कट करवणे म्हणजे दरवेळी थोडा जास्त टॉर्क देणे. टॉर्क पान्याने नट सोडवू नये, काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी त्याची अचूकता तपासून घ्यावी. पान्याच्या तोंडाला पुढे जोड लावून लांबी वाढवली तर लागणारा टॉर्क आकड्यापेक्षा जास्त होतो, हेही ध्यानात असू द्यावे. टॉर्क पाना अजिबात नसेल तेव्हा, गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरता, एक हिशेब कामी येतो : नटाच्या मध्यापासून बरोबर 1 मीटरवर पान्याला काटकोनात 40 किलोचा जोर लावला तर सुमारे 392 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पण पाइपवर उभे राहून उड्या मारणारा माणूस नेमका किती जोर देतो हे कोणालाच सांगता येत नाही.

इथपर्यंत सगळे बिनचूक केले तरी काम पुरे झालेले नाही. पुन्हा आवळणे बाकी असते आणि ते का लागते हेही हिशेबाने पाहावे. आपल्या उदाहरणातला यू-बोल्टाचा पाय 300 मिलिमीटर लांब असेल तर 10 टन ताणाखाली तो जेमतेम 0.6 मिलिमीटर ताणला जातो. सगळी पकड या अर्ध्याअधिक मिलिमीटरवर उभी असते. दहा पाट्यांच्या कमानीत पाट्यांच्या मधल्या जागा, बैठक, वरची प्लेट, वॉशर असे डझनभर पृष्ठभाग एकावर एक दाबलेले असतात. नव्या पाट्यांवर रंग असतो, पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे असतात. गाडीच्या पहिल्या काही खेपांत प्रत्येक जागी 0.02 मिलिमीटर जरी दबले तरी एकूण पाव मिलिमीटरच्या आसपास होते आणि ताणाचा जवळपास 40 टक्के हिस्सा निघून जातो. नट एक आटाही फिरलेला नसतो. पाहणाऱ्याला सगळे जागच्या जागी दिसते.

म्हणून पहिल्या भरलेल्या खेपेनंतर यू-बोल्टांचा टॉर्क तपासावा. उत्पादकांच्या सूचना वेगवेगळ्या असतात, पण पहिल्या 800 ते 1,600 किलोमीटरच्या आत ही तपासणी व्हावी, असे साधारणपणे सांगितले जाते. त्यानंतर मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराने. पाना ठरलेल्या टॉर्कला लावून आवळण्याच्या दिशेने ओढावा. नट थोडा फिरून कट झाला तर तो सैल पडला होता आणि आता बरोबर झाला. पुन्हा काही दिवसांनी तोच नट परत फिरला तर मात्र आवळत राहू नये, बैठक, प्लेट किंवा आटे यांत दोष शोधावा. जुन्या, गंजलेल्या नटावर आणखी एक फसगत होते : नट गंजाने चिकटलेला असतो, पाना कट करतो आणि ताण मात्र केव्हाच गेलेला असतो. तिथे पान्याच्या कटवर विश्वास न ठेवता यू-बोल्ट बदलणे योग्य.

तुटलेला पाटा भंगारात टाकण्याआधी तो कुठे तुटला ते जरूर पाहावे. सेंटर बोल्टाच्या भोकातून तुटला असेल तर संशय थेट यू-बोल्टांवर घ्यावा. पकड पक्की असेल तर दोन यू-बोल्टांमधला पाट्याचा भाग वाकतच नाही, आणि वाकत नाही तो भाग तिथे भोक असूनही तुटत नाही. पकड सैल झाली की भार त्या भोकावर, म्हणजे पाट्याच्या सर्वांत अशक्त जागेवर येतो. पकडीच्या लगत बाहेर तुटला असेल तर जादा भार, खड्ड्यांचा मार किंवा प्लेटच्या कडेची खूण हे कारण संभवते. टोकाजवळ तुटला असेल तर पिन आणि शॅकल मोकळी फिरते का ते पाहावे. कारण न शोधता पाटा बदलला तर नवा पाटाही त्याच जागी तुटेल.

काही छोट्या गोष्टी यू-बोल्टांच्या गडबडीत राहून जातात. पाट्यांच्या बाजूच्या क्लिपांचे बोल्ट क्लिपमधल्या नळीवर टेकेपर्यंतच आवळावेत. नळी हरवली म्हणून क्लिप पाट्यांवर चिमटली तर पाटे एकमेकांवर सरकू शकत नाहीत. या बोल्टांची डोकी टायरच्या बाजूला ठेवावीत, म्हणजे बाहेर आलेले आटे टायरला कापणार नाहीत. कमान शक्यतो ॲक्सलच्या दोन्ही बाजूंची एकदम बदलावी. काम झाल्यावर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजून सारखे आहे याची खात्री करावी. आणि ज्या गाडीत ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व (भारानुसार ब्रेकची हवा ठरवणारी झडप) दांडीने ॲक्सलला जोडलेला आहे, तिथे नव्या कमानीमुळे गाडी उंच झाल्यावर तो व्हॉल्व गाडी रिकामी आहे असे समजतो आणि मागच्या चाकांच्या ब्रेकना कमी हवा देतो. त्याची दांडी पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. चेसिस भक्कम स्टँडवर, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, जमीन कडक आणि सपाट. जुनी कमान खोलताना सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे मोठ्या शिकंज्यात धरावेत. पाट्यांमध्ये ताण साठलेला असतो आणि शेवटचा आटा सुटताच ते उसळतात. तोंड आणि हात त्या रेषेत ठेवू नयेत.

आता मालकांना आणि गॅरेजचालकांना एक विनंती. कमान बदलल्याच्या बिलावर पाट्यांची संख्या आणि मजुरी लिहिलेली असते. त्याच कागदावर आणखी चार ओळी याव्यात : यू-बोल्ट नवे टाकले का, त्यांना किती टॉर्क दिला आणि कोणत्या एककात, टोकांचे बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळले का, आणि पुन्हा तपासणी किती किलोमीटरला. हे लिहिणाऱ्याला ते करावेच लागते आणि गाडी दुसऱ्या गावी दुसऱ्या कारागिराकडे गेली तरी त्याला आधीचे काम कळते. फेरतपासणीचा अर्धा तास मालकाने भाड्याच्या वेळापत्रकातच धरावा. गाडी उभी करायला सवड नाही म्हणून चालकाने ती टाळली, तर दोष चालकाचा मानू नये.

चालकानेही रोज निघताना पाहावे असे थोडेसे आहे. शेवटच्या आवळणीनंतर प्रत्येक नटावरून प्लेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढून घ्यावी. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. रेघ जुळलेली असली तरी नटाखाली किंवा पाट्यांच्या कडेने तांबूस भुकटी दिसत असेल, बैठकीजवळ धातू घासून चकाकत असेल किंवा गाडी सरळ चालताना मागचा भाग एका अंगाला ओढल्यासारखा वाटत असेल, तर माल भरण्याआधी यू-बोल्ट तपासून घ्यावेत.

आपला विश्वासू,
अवजड वाहनांच्या सस्पेन्शनचे काम जाणणारा एक वाचक